कवड्या, मटार आणि एक चौकटीची वही: सहावी ते आठवीचा सांख्यिकी-संभाव्यतेचा सराव

सातवीतल्या मुलाला सरासरी म्हणजे काय ते विचारा. "सगळ्यांची बेरीज करायची आणि जितके आकडे असतील तितक्यांनी भागायचं," असं ते धडाधड सांगेल आणि उत्तरही बरोबर काढेल. मग विचारा, "५.८ आलं, म्हणजे आपल्याला नक्की कळलं काय?" आता ते आधी वहीकडे बघेल, मग तुमच्याकडे.

यात मुलाची चूक नाही. आकडे कुणी तरी दुसऱ्यानेच गोळा केलेले, पुस्तकात छापलेले. मुलाच्या वाट्याला आला तो फक्त भागाकार. मी दर रविवारी सकाळी शेजारपाजारच्या सहा-सात मुलांना घेऊन गणित करायला बसते. सुरुवातीला मीही पुस्तकातले उदाहरणसंग्रहच सोडवून घेत होते. मग एका थंडीत बोलता बोलता मटार सोलणं आणि सांख्यिकी एकत्र आले, आणि तेव्हापासून क्रम बदलला: आधी अंदाज लिहायचा, मग हाताने मोजायचं, मग चित्र काढायचं आणि सूत्राला सगळ्यात शेवटी हात लावायचा. पुढे जे लिहिलंय ते याच क्रमाने. पालक आणि शिक्षक, दोघांनाही घरी किंवा वर्गात करता येईल असं.

साहित्य फार नाही. एक चौकटीची वही, चार कवड्या (नसतील तर मधून फोडलेले चार चिंचोके), दोन वेगळी नाणी, दोन फासे आणि डबाभर पांढरे वाटाणे. आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास मिळाला तर दोन महिन्यांत सगळं होतं. एकच नियम कडक ठेवा: मोजायच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत पेनाने लिहायचा. पेन्सिलने लिहिला की तो नंतर हळूच बदलला जातो, हा अनुभव आहे.

पायरी १: मोजण्याजोगा प्रश्न शोधा

"तुझी उंची किती?" याला उत्तर एकच. "आपल्या वर्गातल्या मुलांची उंची किती असते?" याला मात्र एक आकडा पुरत नाही, कारण प्रत्येकाचा वेगळा. जिथे उत्तरं बदलत जातात तिथेच सांख्यिकी लागते. मुलांना आधी हा फरक करायला लावा. प्रत्येकाकडून असे पाच-पाच प्रश्न लिहून घ्या. आमच्याकडे आलेले काही: आजी दिवसातून किती वेळा चष्मा शोधते, दारावरून पाच मिनिटांत किती दुचाकी जातात, मटाराच्या एका शेंगेत किती दाणे असतात.

आजीचा प्रश्न आजीने नामंजूर केला. मटाराचा टिकला.

पायरी २: ताळ्याच्या खुणा

प्रत्येकाला पाच-सहा शेंगा द्या, मिळून तीस होऊ द्या. शेंग सोलायची, दाणे मोजायचे, आकडा मोठ्याने सांगायचा. एकाने सगळे आकडे जसे येतील तसे ओळीने लिहायचे. समजा, यादीवरून ही वारंवारता सारणी (कोणता आकडा किती वेळा आला ते सांगणारी) झाली:

| शेंगेतले दाणे | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| शेंगा | २ | ४ | ६ | ८ | ६ | ३ | १ |

खुणा करताना मुलं हमखास एक चूक करतात. आधी यादीतले सगळे ३ शोधतात, मग सगळे ४, मग ५. तीस आकड्यांच्या यादीतून सात वेळा डोळे फिरवले की एखादा आकडा निसटणारच. यादी एकदाच वाचायची, आकडा आला की त्याच्या रांगेत एक उभी रेघ मारायची आणि यादीतल्या त्या आकड्यावर टिंब द्यायचं. चार रेघा झाल्या की पाचवी तिरकी. शेवटी वारंवारतांची बेरीज करायची. ती ३० आली नाही तर पुढे जायचं नाही. हा पडताळा मुलांच्या अंगवळणी पडला की परीक्षेतले निम्मे गुण तिथेच वाचतात.

पायरी ३: आलेख, आणि आलेखातली चलाखी

याच सारणीवरून स्तंभालेख काढायचा. आडव्या अक्षावर दाणे, उभ्या अक्षावर शेंगा. स्तंभांची रुंदी सारखी, मधलं अंतर सारखं, कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं. एवढं झालं की आलेख मुलाला बोलून दाखवायला सांगा: "बहुतेक शेंगा पाच ते सात दाण्यांच्या, तीनच्या कमी, नऊची एकच." काढलेला आलेख वाचून दाखवता येत नसेल तर ते नुसतं चित्रकलेचं काम झालं.

सहावीसाठी चित्रालेखही करून घ्या, पण चित्राची किंमत दोन किंवा पाच ठेवा. एका चित्राला एक अशी किंमत दिली की अर्धं चित्र काढायची वेळच येत नाही, आणि खरी मजा त्या अर्ध्या चित्रातच असते.

मग चलाखी दाखवा. घरातलं वीजबिल काढा, मागच्या महिन्यांचा वापर बघा. समजा एका महिन्यात १८० युनिट आणि पुढच्या महिन्यात २०० युनिट लागले. उभा अक्ष शून्यापासून घेऊन दोन स्तंभ काढा: जवळपास सारखेच दिसतात. आता तोच अक्ष १७० पासून सुरू करा. पहिला स्तंभ १० उंच, दुसरा ३० उंच. वापर तिप्पट झाल्यासारखा दिसतो आणि घरात पंखे कोण चालू ठेवतं यावरून भांडण होऊ शकतं! दोन्ही आलेखांतले आकडे खरेच आहेत. जाहिरातीत किंवा बातमीत स्तंभालेख दिसला की मुलांनी पहिली नजर अक्षाच्या तळाशी टाकावी, एवढी सवय लागली तरी पुष्कळ झालं.

वृत्तालेख घ्यायचाच असेल तर दिवसाच्या २४ तासांचा घ्या. ३६० भागिले २४ म्हणजे तासाला १५ अंश. झोप ८ तास, म्हणजे १२० अंश. आमच्या शेंगाही सोयीच्या आहेत, ३० शेंगा म्हणजे एका शेंगेला १२ अंश.

पायरी ४: मध्य, मध्यक, बहुलक

इथे घाई करू नका. मी या पायरीला दोन आठवडे देते.

*मध्य, म्हणजेच सरासरी, म्हणजे सपाट करणं.* काड्यापेट्यांचे पाच मनोरे रचा: २, ७, ४, ३ आणि ९ पेट्यांचे. मुलांना सांगा, बेरीज-भागाकार करायचा नाही, उंच मनोऱ्यावरच्या पेट्या काढून बुटक्यावर ठेवत सगळे सारखे करा. पाच-पाचचे पाच मनोरे होतात. हाच मध्य. आता प्रत्येक मनोरा ५ पासून किती दूर होता ते लिहा: −३, +२, −१, −२, +४. बेरीज शून्य. वर जितकं जास्त होतं तितकंच खाली कमी होतं. हे मुलाला एकदा हाताने कळलं की "मध्य सगळ्यात मोठ्या आकड्यापेक्षा मोठा कसा आला?" हा प्रश्न ते स्वतःच स्वतःला विचारू लागतं.

मग मटाराकडे परत या. सारणीवरून मध्य काढायला सांगितला की दोन चुका येतात. काही मुलं ३ ते ९ ची बेरीज ४२ करून ७ ने भागतात आणि ६ उत्तर आणतात. दिसायला अगदी बरं उत्तर, म्हणूनच ही चूक पकडली जात नाही. त्यांना विचारा, "सहा दाण्यांच्या आठ शेंगा होत्या, त्यातली एकच का मोजलीस?" काही मुलं दाण्यांची बेरीज नीट करतात:

३×२ + ४×४ + ५×६ + ६×८ + ७×६ + ८×३ + ९×१ = ६ + १६ + ३० + ४८ + ४२ + २४ + ९ = १७५

आणि मग ७ ने भागून २५ आणतात. एका शेंगेत पंचवीस दाणे! सगळ्यात मोठ्या शेंगेत नऊच होते. भागायचं शेंगांच्या संख्येने: १७५ ÷ ३० = ५.८३. सगळे दाणे सगळ्या शेंगांत सारखे वाटले असते तर प्रत्येकीत साधारण ५.८ आले असते, एवढाच त्याचा अर्थ. पावणेसहा-सहा दाण्यांची शेंग बाजारात मिळत नाही, हे एक मूल नक्की बोलतं. बोलू द्या, बरोबर आहे त्याचं.

*मध्यकासाठी रांग लावा.* अक्षरशः. सात मुलांना उंचीनुसार उभं करा आणि मधल्या मुलाला पुढे बोलवा. आठवा मुलगा आला की मधे दोघं, म्हणून दोघांच्या उंचीची बेरीज भागिले दोन. वहीत करताना चढता क्रम लावायचा विसरून मुलं यादीतला मधला आकडा उचलतात, म्हणून पहिली ओळ "चढता क्रम:" हीच लिहायची. मटाराच्या सारणीत ३० शेंगा, म्हणून १५ वी आणि १६ वी बघायची. शेंगा डावीकडून मिळवत चला: २, मग ६, मग १२, मग २०. दोन्ही सहाच्या गटात पडतात. मध्यक ६. बहुलकही ६, कारण सहा दाण्यांच्या शेंगा सर्वांत जास्त. इथे मुलं "बहुलक ८" लिहितात. ८ ही वारंवारता आहे, बहुलक म्हणजे ज्याची ती वारंवारता आहे तो प्राप्तांक, म्हणजे मोजून आलेला आकडा.

आता खरा प्रश्न: तीन-तीन आकडे कशाला? त्यासाठी एक वस्ती घ्या. नऊ घरं, त्यांची जमीन एकरांत: १, १, २, २, २, ३, ३, ४, ४५. बेरीज ६३, मध्य ७ एकर. कुणी म्हणालं, "या वस्तीत दर घरी सरासरी सात एकर जमीन आहे," तर ते खोटं बोललेलं नाही. पण नऊपैकी आठ घरांकडे सातच्या आसपासही जमीन नाही. मध्यक २, बहुलकही २. कुठला आकडा त्या वस्तीबद्दल खरं सांगतो, यावर मुलांना वाद घालू द्या. मी मधे पडत नाही. मग ४५ च्या जागी ४५० करा आणि तिन्ही आकडे पुन्हा काढायला सांगा. मध्य ५२ वर उडी मारतो, मध्यक जागचा हलत नाही.

असंच मोसमी पावसाचं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची देशाची दीर्घकालीन सरासरी १९७१ ते २०२० या काळावरून ८७ सेंटिमीटर धरलेली आहे, आणि त्याच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस पडला तर हवामान खातं त्याला सामान्य म्हणतं. "यंदा पाऊस सामान्य" ही बातमी वाचून मराठवाड्यातल्या मुलाला आणि सिंधुदुर्गातल्या मुलाला काय वाटेल, ते विचारून बघा.

क्रिकेटवाल्या मुलांसाठी एक खास उदाहरण. सचिन तेंडुलकरने कसोटीत ३२९ डावांत १५,९२१ धावा केल्या. मुलांनी भागाकार केला तर ४८.३९ येतं. पण सगळीकडे सरासरी ५३.७८ छापलेली असते. मुलं आधी कॅल्क्युलेटरला दोष देतात. कारण असं की क्रिकेटमध्ये धावांना डावांनी भागत नाहीत, तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. ३३ डावांत तो नाबाद होता. ३२९ वजा ३३ म्हणजे २९६. आता भागा. कुठलीही सरासरी दिसली की "कशाने भागलंय?" हे विचारायला शिकवणारं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

पायरी ५: शक्यतेची दोरी

संभाव्यतेची सुरुवात अपूर्णांकाने करू नका. कपडे वाळत घालायची दोरी बांधा. एका टोकाला ० ची चिठ्ठी, दुसऱ्या टोकाला १ ची, मधे अर्ध्याची. ० म्हणजे घडूच शकत नाही, १ म्हणजे घडणारच. मुलांनी चिठ्ठ्यांवर घटना लिहायच्या आणि चिमट्याने दोरीवर लावायच्या: उद्या सूर्य उगवेल, फाशावर ७ पडेल, नाण्यावर छापा येईल, आज संध्याकाळी वीज जाईल.

शेवटच्या चिठ्ठीवर हटकून कुणी तरी म्हणतं, "जाईल नाही तर जाणार नाही, दोनच गोष्टी. म्हणजे निम्मी-निम्मी." हा गैरसमज इथेच उपटून काढा, नाही तर पुढे फार त्रास देतो. त्याला म्हणा, "मी पुढच्या आठवड्यात हत्ती विकत घेईन किंवा घेणार नाही, दोनच गोष्टी. मग तिथेही निम्मी?" निष्पत्ती (म्हणजे घडू शकणाऱ्या गोष्टी) दोन असल्या तरी त्या समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, असायला हव्यात. भागिले निष्पत्तींची संख्या हे सूत्र चालतं ते तेवढ्याच अटीवर.

पायरी ६: दोन नाणी

एक नाणं प्रत्येकाने २० वेळा उडवायचं. कुणाला १३ छापे, कुणाला ७. मग सगळ्यांचे आकडे एकत्र करा आणि दर वीस फेकींनंतर छाप्यांचं प्रमाण काढत जा. सुरुवातीला ते उड्या मारतं आणि मग हळूहळू अर्ध्याजवळ स्थिरावत जातं. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत अडकलेल्या जॉन केरिक नावाच्या गणितज्ञाने एक नाणं १०,००० वेळा उडवून नोंद ठेवली. छापे आले ५,०६७. मुलांना हा माणूस फार आवडतो. बरोबर ५,००० आले नाहीत, हे मुद्दाम दाखवा.

मग दोन नाणी. "दोन्ही छापे येण्याची संभाव्यता किती?" बहुतेक मुलं सांगतात, "दोन छापे, दोन काटे, एकेक. तीन प्रकार, म्हणून १/३." त्यांना हसू नका. फ्रान्सचा मोठा गणितज्ञ दालांबेर यानेही १७५४ मध्ये अशाच प्रकारची चूक छापील स्वरूपात केली होती. दोन फेकींत एकदा तरी छापा येण्याची शक्यता त्याने २/३ धरली. खरी ती ३/४ आहे.

उपाय सोपा आहे. एक नाणं रुपयाचं आणि एक पाच रुपयांचं घ्या. आता रुपया छापा-पाच काटा आणि रुपया काटा-पाच छापा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोळ्यांना दिसतं. नमुना अवकाशात, म्हणजे सगळ्या निष्पत्तींच्या यादीत, चार निष्पत्ती, दोन्ही छाप्यांची संभाव्यता १/४. तोंडी पटत नसेल तर ४० वेळा उडवा आणि मोजा.

पायरी ७: कवड्या

ही माझी सगळ्यात आवडती पायरी. चल्लस-आठ खेळणाऱ्या घरांत चार कवड्या टाकायची पद्धत असते. जितक्या उताण्या पडतील तितकं दान, चारही पालथ्या पडल्या तर आठ. (घरोघरी नियम थोडे वेगळे असतात, तुमच्या आजीचे नियम धरा.) आधी अंदाज: कुठलं दान सगळ्यात जास्त पडेल?

कवडी नाण्यासारखी निष्पक्ष आहे असं धरू. चार कवड्यांना चार नावं द्या किंवा रंगाचे ठिपके लावा आणि उताणी-पालथीच्या सगळ्या जोडण्या लिहून काढा. प्रत्येक कवडीचे दोन प्रकार, म्हणून २×२×२×२ = १६. त्यांचे गट करा:

चारही पालथ्या (दान आठ): १
एक उताणी: ४
दोन उताण्या: ६
तीन उताण्या: ४
चारही उताण्या: १

म्हणजे ८० वेळा टाकल्या तर साधारण ५, २०, ३०, २०, ५ असं पडायला हवं. अपेक्षित स्तंभालेख आधीच काढून ठेवा आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष फेकींचा काढा, म्हणजे जोडस्तंभालेखाचाही सराव होतो.

आणि इथे गंमत होते. खऱ्या कवड्यांचं चित्र या हिशेबाशी बहुधा नीट जुळत नाही. कवडीची एक बाजू फुगीर, दुसरी दात असलेली, चपटी. ती दोन्हीकडे सारखी पडेल याची हमी कोणी दिली? मग एकच कवडी घ्या आणि १०० वेळा टाका. समजा ४० वेळा उताणी पडली. ही झाली प्रयोगातून मिळालेली संभाव्यता, ०.४. आठवीच्या मुलांना इथून पुढे नेता येतं: चारही उताण्या पडण्याची शक्यता ०.४×०.४×०.४×०.४ = ०.०२५६, चारही पालथ्या पडण्याची ०.६ चार वेळा गुणून ०.१२९६. जवळपास पाचपट! पुस्तकी हिशेबात दोन्ही १/१६, म्हणजे सारख्याच होत्या. वेगवेगळ्या कवड्या घेतल्या तर आकडे वेगळे येतील, चिंचोक्यांचे आणखी वेगळे. समसंभाव्य या शब्दाचं वजन मुलांना इथे कळतं, व्याख्या पाठ करून कळत नाही.

पायरी ८: फासे आणि रुसलेला सहा

दोन फाशांसाठी घोड्यांची शर्यत लावा. कागदावर १ ते १२ क्रमांकांच्या बारा रांगा. प्रत्येकाने एक घोडा निवडायचा, दोन फासे टाकायचे, बेरजेचा घोडा एक घर पुढे. आधी दहा घरं गाठेल तो जिंकला. एक नंबरचा घोडा निवडणारं मूल दर वेळी सापडतंच. तो घोडा जागचा हलत नाही, आणि का हलत नाही हे त्याला चार-पाच फेऱ्यांनी कळतं. दुसऱ्या शर्यतीला सगळे ७ साठी भांडतात. त्या वेळी ६×६ चौकटींची सारणी काढा. ३६ निष्पत्ती, त्यातल्या ६ ठिकाणी बेरीज ७, तर २ आणि १२ एकेकदाच.

सापशिडीत सहा पडल्याशिवाय सोंगटी सुटत नाही, तेव्हाचा वाद तर रोजचा. "पाच वेळा नाही पडला, आता पडायलाच हवा." फाशाला आठवण नसते. सहाव्या फेकीलाही शक्यता १/६ च. सहा फेकींत एकदाही सहा न पडण्याची शक्यता ५/६ सहा वेळा गुणून साधारण ०.३३ येते. म्हणजे तीन मुलांतलं एक मूल सहा फेकींनंतरही घरातच बसलेलं असू शकतं. रडायचं कारण नाही, पण हे गणित ऐकून रडं थांबतं असंही नाही.

पायरी ९: मूठभरावरून डबाभर

डब्यात किती वाटाणे आहेत, न मोजता सांगायचं. ५० वाटाणे काढून त्यांवर शाईचा ठिपका द्या, परत डब्यात टाका आणि डबा नीट हलवा. आता न बघता ६० काढा. समजा त्यांत १० ठिपकेवाले निघाले. साठात दहा म्हणजे सहावा हिस्सा. डब्यातही साधारण सहावा हिस्सा ठिपकेवाल्यांचा असणार, आणि ते ५० आहेत. म्हणून डब्यात सुमारे ३००. मग सगळे मोजून बघा. तळ्यातल्या माशांची संख्या याच रीतीने काढतात.

महाभारतात नलाच्या कथेत ऋतुपर्ण राजा रथातून जाताना बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याच्या पानांची आणि फळांची संख्या सांगतो. नलाला पटत नाही, तो झाड पाडून मोजतो आणि संख्या जुळते. तोच राजा फाशांच्या विद्येतही निष्णात असतो. मोजणी आणि फासे एकाच माणसाकडे! मुलांना मी हे नेहमी सांगते. आपल्या काळात हे काम शास्त्रशुद्ध केलं ते संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. बंगालमधल्या तागाच्या पिकाचा अंदाज त्यांनी नमुना पाहणीने बांधला. त्यांचा जन्मदिवस २९ जून हा २००७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी दिन आहे. शाळा नुकतीच सुरू झालेली असते, तेव्हा वाटाण्यांचा खेळ वर्गात घ्यायला हा दिवस बरा.

एक पथ्य: डबा न हलवता वरचेच वाटाणे काढून एकदा हाच प्रयोग करा. उत्तर भलतंच येतं. वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलांनाच विचारून "शाळेचं मत" ठरवलं तर काय होईल, ते मग सांगावं लागत नाही.

सरावासाठी

पुस्तकातली उदाहरणं आता करा, भराभर सुटतील. त्यांच्या जोडीला ही सहा:

१. दहा मुलांच्या उंचीचा मध्य १४२ सेंटिमीटर आहे. १५३ सेंटिमीटर उंचीचा अकरावा मुलगा आला. नवा मध्य किती?

२. पाच चाचण्यांचा मध्य ७२ हवा आहे. चार चाचण्यांत ६५, ८०, ७०, ६८ गुण आहेत. पाचवीत किती हवेत?

३. पाच नैसर्गिक संख्या अशा शोधा की मध्य ९, मध्यक ८ आणि एकमेव बहुलक ६ असेल. किती उत्तरं मिळतात?

४. गणपतीतल्या तंबोल्यात १ ते ९० अंक असतात. पहिल्याच अंकात ७ हा आकडा असण्याची संभाव्यता किती?

५. चारही कवड्या निष्पक्ष मानल्या तर निदान एक तरी उताणी पडण्याची संभाव्यता किती?

६. डब्यात ३ लाल आणि ५ हिरव्या बांगड्या आहेत. न बघता एकामागून एक दोन काढल्या, पहिली परत ठेवली नाही. दोन्ही हिरव्या असण्याची संभाव्यता किती?

उत्तरं: पहिल्याचं १४३, कारण १,४२० मध्ये १५३ मिळवून ११ ने भागायचं. दुसऱ्याचं ७७. तिसऱ्यात ६, ६, ८ ठरलेलेच, उरलेल्या दोघांची बेरीज २५: ९ व १६, १० व १५, ११ व १४, १२ व १३, अशी चार उत्तरं. (८ व १७ घेतले तर ८ ही दोनदा येतो आणि बहुलक एकमेव राहत नाही.) चौथ्याचं १८/९० म्हणजे १/५. एकक स्थानी ७ असलेले ९, दशक स्थानी ७ असलेले १०, आणि ७७ दोन्हीकडे मोजला जातो म्हणून एक वजा. बहुतेक मुलं १९ म्हणतात. पाचव्यात सगळे प्रकार मोजत बसू नका, एकही उताणी न पडण्याचा एकच प्रकार सोळातून वजा करा: १५/१६. सहाव्याचं ५/८ × ४/७ = ५/१४. इथे दुसरा अपूर्णांकही ५/८ लिहिणाऱ्या मुलाच्या हातात डबा आणि बांगड्या द्या, एक हिरवी बाहेर काढून ठेवायला सांगा आणि आत किती उरल्या ते मोजायला लावा.